‘बोलेल की सावकाश!’

दोन वर्षांचे मूल चालते, धावते, हवी ती वस्तू हाताला धरून दाखविते, परंतु बोलत मात्र नाही, अशी अवस्था ज्या घरात असते त्या घरात हळूहळू एक निराळेच मौन वावरू लागते. आजी वेखंड उगाळून जिभेला लावते. शेजारीण पोपटाने उष्टावलेला पेरू सुचविते. वडीलधारे ‘याचा बापही चार वर्षांचा होईतो बोलत नव्हता’ असा दाखला देतात. या सर्वांचा निष्कर्ष एकच असतो : बोलेल की सावकाश! आईच्या काळजीला या मंडळात स्थान नसते. मात्र तिने गरोदरपणी ग्रहण पाळले होते की नाही, याची चौकशी मोठ्या तत्परतेने होते.

या धीराच्या शब्दांत तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार दोन वर्षांच्या दर शंभर मुलांमागे साधारण दहा ते पंधरा मुले अपेक्षेपेक्षा कमी बोलतात आणि त्यांतील पुष्कळशी पुढे शाळेत जाईपर्यंत बरोबरीला येतात. अडचण एवढीच की, यांतील कोणते मूल बरोबरीला येणार आणि कोणते मागे राहणार, हे दोन वर्षांच्या वयात नुसते पाहून सांगता येत नाही. थॉमस सॉवेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा मुलगा जवळजवळ चार वर्षांचा होईतो बोलत नव्हता. पुढे तो स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पदवीधर झाला. अशाच मुलांविषयी सॉवेल यांनी १९९७ व २००१ मध्ये दोन पुस्तके लिहिली. परंतु आपल्याशी संपर्क साधणारी कुटुंबे ही निवडक आहेत, त्यांच्यावरून सर्व मुलांविषयी अनुमान काढू नये व तपासणी टाळू नये, असे बजावण्यासही ते विसरले नाहीत. अर्थशास्त्रात याला नमुन्याच्या निवडीचा दोष म्हणतात. जेम्स हेकमन यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच दोषावरील कामासाठी. उशिरा बोलून नाव काढलेला चुलता प्रत्येक घराला आठवतो. ज्याचे बोलणे कधीच सुधारले नाही, जो चौथीतून शाळा सोडून गुरांमागे गेला, त्याचा दाखला बारशाच्या पंगतीत कोण देणार?

आता वाट पाहण्याच्या किंमतीचा हिशेब मांडू. मूल आपोआप बोलणारच असेल आणि तरीही आपण त्याला तपासून आणले, तर हानी एका दिवसाच्या रजेची व गाडीभाड्याची. उलट मूल आपोआप बोलणारे नसेल आणि आपण दोन वर्षे थांबलो, तर भाषा रुजण्याच्या वयातील ती दोन वर्षे कोणत्याही व्याजदराने परत मिळत नाहीत. दोन्ही बाजूंचा तोटा इतका विषम असताना निर्णय कोणत्या बाजूने व्हावा, हे सांगण्यास पदवीधराची गरज नाही. वर्ष उलटूनही मूल बोटाने काही दाखवीत नसेल, नावाने हाक मारता वळत नसेल, दोन वर्षांचे होऊनही ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडीत नसेल, किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात विसरू लागले असेल, तर थांबू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

पहिली तपासणी कानांची. इगतपुरीसारख्या गावात तर या बाबतीत फसगत होण्याचा विशेष संभव आहे. कसाऱ्याहून १:३७ चा चढ चढून गाड्या येतात, मागचे बँकर एंजिन येथे सुटते, भोंगे वाजतात, डबे एकमेकांवर आदळतात. रेल्वेच्या चाळीतले मूल या आवाजाने दचकते आणि आईबाप निर्धास्त होतात : ऐकू तर येते! वस्तुतः भोंग्याने दचकणे निराळे आणि शब्द ऐकू येणे निराळे. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ ही व्यंजने उच्च कंप्रतेची आणि क्षीण असतात. श्रवणात अंशतः उणीव असलेल्या मुलाच्या कानी स्वर पोचतात, पण ही व्यंजने वाटेतच गळतात. ‘काकी’, ‘ताई’ आणि ‘आई’ हे तीन शब्द त्याला जवळजवळ सारखेच भासतात. असे मूल बोलणार तरी काय? त्यातून येथील पावसाळा. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, चार महिने ओल, आणि लहान मुलांना सर्दीमागून सर्दी. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे द्रव साचून राहिला की श्रवण मंद होते. कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. हा दोष बहुधा बरा होणारा आहे. पण तो आहे, हे आधी कळले पाहिजे.

घरात मराठी, अंगणात हिंदी आणि पुढे इंग्रजी माध्यमाची शाळा, म्हणून मूल गोंधळले, असे सांगून घरची भाषा बंद करविणारे सल्लागारही भेटतात. अनेक भाषा कानी पडल्याने वाचा खुंटते याला आधार नाही. आईला सफाईने येत नाही त्या भाषेत तिने मुलाशी बोलणे मात्र निश्चित तोट्याचे. हातातील मोबाइलविषयी इतके लिहिले गेले आहे की अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. तो बोलण्याचा वेळ खातो हे खरे. परंतु बधिरत्व किंवा स्वमग्नता मोबाइलने येत नाही, हेही तितकेच खरे.

शासनाने काहीच केले नाही, हा आपला आवडता सूर या विषयात चालणार नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षण आदिवासींच्या अंगणात नेले. ‘अंगणवाडी’ हे नाव पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर पोचविले. १९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाणी व श्रवणदोषांसाठी उभी राहिली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून, म्हणजे आपल्या घाटाच्या पलीकडूनच झाला. त्यातील वैद्यकीय पथकाने प्रत्येक अंगणवाडीला वर्षातून दोनदा भेट द्यावी, विकासात मागे पडलेली मुले हेरावी आणि त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडावे, अशी रचना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाणी व भाषेच्या दोषाला स्वतंत्र स्थान दिले.

रचना चांगली आहे. ती झिरपते कोठे ते पाहावे. दिवाळीनंतर तालुक्यातील ठाकर-कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. पथक येते तेव्हा मूल भिवंडीच्या बाजूला कोठेतरी असते. जे मूल सापडते त्याला नाशिकला नेण्यास सांगतात. वाचोपचार एका भेटीत संपत नाही, आठवड्यामागून आठवडे जावे लागते. नाशिक सुमारे ४५ किलोमीटर. वांद्र्यास जायचे तर लांबचा रेल्वेप्रवास आणि त्यात गाडी बदलणे. कारकुनाच्या पत्नीला हे दुर्घट, रोजंदारीवरील बाईला तर अशक्यच. दोन फेऱ्यांनंतर ती येईनाशी होते आणि नोंदवहीत ‘पालकांचा प्रतिसाद नाही’ असा शेरा पडतो. बुडालेली मजुरी हाही खर्च आहे, हे ज्या शेऱ्यात दिसत नाही तो शेरा अर्धवट आहे.

याला उपाय केवळ अधिक तज्ज्ञ नेमणे हा नव्हे, जरी तेही हवेच. जमैका या देशातील किंग्स्टन शहरात सॅली ग्रॅन्थम-मॅग्रेगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिन्यांच्या १२९ खुरटलेल्या बालकांवर केलेला प्रयोग येथे महत्त्वाचा आहे. त्यांतील काही मुलांच्या घरी स्थानिक आरोग्यसेविका दोन वर्षे, आठवड्याला एक तास, जात असत आणि मुलाशी खेळावे कसे, बोलावे कसे हे आईला दाखवीत. १९९१ मध्ये मुलांच्या विकासातील सुधारणा प्रसिद्ध झाली. त्याहून बोलका निकाल २०१४ चा : बावीस वर्षांची झाल्यावर त्या मुलांची कमाई, भेटी न मिळालेल्या तशाच मुलांहून सुमारे २५ टक्क्यांनी अधिक भरली. या सेविका डॉक्टर नव्हत्या, वाचातज्ज्ञही नव्हत्या. आपली अंगणवाडी सेविका त्यांच्याहून कमी कर्तबगार आहे असे मानण्याचे कारण नाही. तिच्यामागे पोषण आहार, वजने, मोबाइलवरील नोंदी आणि सर्वेक्षणे यांचा ससेमिरा मात्र आहे. त्यातील दोन कामे कमी करून आठवड्याला चार घरांच्या चार भेटी तिच्याकडून घेतल्या, आणि त्या कामाचे वेगळे मानधन दिले, तर तालुक्याला नवी इमारतही लागणार नाही.

भेटीत करावयाचे ते तरी काय? घरातलाच डबा, त्याचे झाकण, चार खडे. खडा आत टाकताना ‘टाक’ म्हणायचे, काढताना ‘काढ’. मूल ज्याकडे पाहील त्याचे नाव घ्यायचे. आणि एकदा बोलून झाले की आपण गप्प राहायचे, मनात दहा आकडे मोजायचे, म्हणजे उत्तर देण्याची पाळी मुलाची आहे हे त्याला कळते. प्रत्येक आईला मिळालेल्या माता-बाल संरक्षण कार्डात वजनाच्या आलेखाबरोबर मूल कितव्या महिन्यात काय करू लागते, याची चित्रेही छापलेली आहेत. लसीच्या तारखा पाहून झाल्यावर ते कार्ड पेटीत जाते. पुढच्या लसीच्या दिवशी सेविकेने ते चित्रांच्या पानावर उघडावे आणि आईला विचारावे, ‘ताई, यातले हा काय काय करतो?’