राजा, रिक्स आणि राइश

इसवी सन पूर्व 52 मध्ये ज्युलियस सीझरला झुंजवणाऱ्या गॉल सरदाराचं नाव व्हर्सिंजेटोरिक्स. त्याच्या काळातली सोन्याची काही नाणी आजही जपलेली आहेत. एका बाजूला तरुण चेहरा, भोवती कोरलेलं नाव आणि नावाच्या शेवटी ‘रिक्स’. गॉल लोकांच्या केल्टिक भाषेत रिक्स म्हणजे राजा. आयरिशमध्ये आजही राजाला ‘री’ म्हणतात. लॅटिनमधला ‘रेक्स’ आणि आपला ‘राजा’ही याच घराण्यातले.

जर्मन ‘राइश’, म्हणजे राज्य, याच कुळातला. पण तो वारशानं आलेला नाही, उसना घेतलेला आहे! पुरावा एका स्वरात दडलाय. मूळ शब्दातल्या दीर्घ ‘ए’चा ‘ई’ केल्टिक भाषांनी केला, जर्मानिक भाषांनी नाही. तरीही गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत सत्ताधीशाला ‘रीक्स’ म्हणत. म्हणजे शब्द केल्टिक शेजाऱ्यांकडूनच आला. आणि तोही फार लवकर, कारण त्याच्या केल्टिक मूळ रूपातल्या ‘ग’चा पुढे जर्मानिक नियमानं ‘क’ झाला. एका अक्षरावरून दोन समाजांची अडीच हजार वर्षांपूर्वीची ओळख पटते, हे खरोखर थक्क करणारं आहे.

पुढे अर्थ पसरत गेला. इंग्रजी ‘रिच’ आधी ‘सामर्थ्यवान’ होता, ‘श्रीमंत’ हा अर्थ नंतरचा. फ्रेडरिक, हेन्री, रिचर्ड या नावांत तोच शब्द आहे. ऑस्ट्रियाचं जर्मन नाव ‘ओस्टरराइश’, म्हणजे पूर्वेकडचं राज्य. त्याचं जुनं रूप 996 सालच्या दस्तऐवजात सापडतं. स्वीडिश लोक स्वतःच्या देशाला ‘स्वेरिये’ म्हणतात. तेही मुळात ‘स्वेआ रिके’, स्वेआ लोकांचं राज्य.