वितळतार कोणाच्या रक्षणासाठीं?



परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हें गांव आहे. तेथील एखादें माळवदाचें घर डोळ्यांपुढें आणा. वीज गेलेली आहे आणि अंगणांतील हौदाचें पाणी माळवदावरील टांकींत चढवावयाचें आहे. अशा वेळीं १२ व्होल्टांची बॅटरी व तिच्यावर चालणारा लहानसा पंप मोठा उपयोगीं पडतो. शेतकऱ्याच्या पाठीवरील फवारणीच्या यंत्रांतही अशीच जोडी असते. ही वस्तु ओळखीची झाल्यामुळेंच, “बाराच व्होल्ट ना! त्यांत भय तें कसलें?” असें आपण सहज म्हणून जातों.

१२ व्होल्टांचा झटका सहसा बसत नाहीं, हें खरें. परंतु माणसाला न बाधणारी हीच वीज घर जाळूं शकते. ६० वॅटचा पंप २३० व्होल्टांवर जेमतेम पाव अँपिअर प्रवाह घेईल. १२ व्होल्टांवर तेवढ्याच कामास ५ अँपिअर लागतात. दाब उतरला कीं प्रवाह चढतो, आणि तार तापते ती प्रवाहानें. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते.

म्हणून पहिला विचार तारेचा. हौद बॅटरीपासून १० मीटरांवर असेल, तर जाण्यायेण्याची मिळून तार २० मीटर होते. दीड चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार घेतल्यास सुमारें सव्वा व्होल्ट वाटेंतच खर्चीं पडतो व पंप मंदावतो. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर हा तोटा अर्ध्या व्होल्टाच्या आंत राहतो.

आतां वितळतारेकडे, म्हणजेच फ्यूजकडे, वळूं. ती पंपाच्या रक्षणासाठीं असते अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः ती मुख्यतः तारेच्या रक्षणासाठीं असते. उंदरानें आवरण कुरतडलें आणि दोन तारा एकमेकींस भिडल्या, तर शिशाच्या मोठ्या बॅटरींतून शेंकडों अँपिअर प्रवाह धांवूं शकतो. क्षणांत तार लाल होते, आणि ती माळवदाच्या लांकडी तुळईला लागून गेलेली असेल, तर पुढचें सांगावयास नको. पहारेकरी वेशींत हवा, गांवाच्या मध्यें नव्हे. तशी वितळतार बॅटरीच्या धन टोंकापासून वीतभर अंतराच्या आंत बसवावी. ती पंपाजवळ बसवली, तर मधली सगळी तार निराधार राहते.

वितळतार किती अँपिअरची असावी? पंपाच्या नेहमींच्या प्रवाहाहून थोडी अधिक, कारण सुरू होतांना मोटर क्षणभर जास्त प्रवाह ओढते. परंतु तारेला सोसेल त्याहून कमी. आपल्या ५ अँपिअरच्या पंपास साडेसात अँपिअरची योग्य होय. ती एकदिश प्रवाहासाठीं बनविलेली आहे ना, हेंही पाहावें. सर्व जोडणी पुरी झाल्यावरच ती शेवटीं बसवावी. बॅटरी भरत असतांना ज्वालाग्राही वायु निघतो, म्हणून ठिणगी पाडणारें बटण तिच्यावर असूं नये.

आणि वितळतार वितळली, तर तिच्या जागीं जाड तार किंवा खिळा कधींही अडकवूं नये. पंपांत गाळ अडकला आहे काय, तार कोठें उघडी पडली आहे काय, तें आधीं शोधावें. वितळलेली तार हा बिघाड नव्हे. बिघाडाची ती वर्दी आहे. वर्दी देणाऱ्याचें तोंड बंद केल्यानें घरावरचें संकट टळत नाहीं.