एकच गाणं ब्रिटनमध्ये महाग अन् फ्रान्समध्ये स्वस्त, असं का होतं?

2007 साली ॲपलच्या आयट्यून्सवर एक गाणं फ्रान्स-जर्मनीत 99 सेंटला मिळायचं, म्हणजे तेव्हाचे सुमारे 67 पेन्स. ब्रिटनमध्ये मात्र त्याच गाण्याला 79 पेन्स पडायचे.

मग ब्रिटिश ग्राहकाने फ्रेंच स्टोअरमधूनच गाणं का घेतलं नाही? कारण कार्ड ज्या देशातलं, खरेदीही त्याच देशाच्या स्टोअरमधून, असा नियम होता.

ब्रिटन तेव्हा युरोपियन युनियनमध्ये होता आणि युनियन म्हणजे एकच बाजारपेठ. कंपन्यांनी करार करून ग्राहक देशांनुसार वाटून घेणं तिथल्या स्पर्धा कायद्याला चालत नाही. ग्राहक संघटनेने तक्रार केली. एप्रिल 2007 मध्ये युरोपियन कमिशनने ॲपल आणि बड्या म्युझिक कंपन्यांवर आक्षेप घेतल्याचं जाहीर केलं.

जानेवारी 2008 मध्ये ॲपलने ब्रिटनमधले दर सहा महिन्यांत बाकी देशांइतके करण्याचं आश्वासन दिलं. कमिशनलाही संगनमत आढळलं नाही. प्रत्येक देशाचे कॉपीराइट हक्क वेगळे, म्हणून स्टोअरही वेगळं, असा निष्कर्ष निघाला.

थोडक्यात, दराचा प्रश्न मिटला, पण कुंपण तसंच राहिलं. 2018 मध्ये युरोपने जिओ-ब्लॉकिंगविरोधात नियम लागू केला, त्यातूनही ऑनलाइन गाणी वगळली.

म्हणून पुढच्या वेळी 'हे गाणं तुमच्या देशात उपलब्ध नाही' असं दिसलं, तर इंटरनेटला दोष देऊ नका. बहुतेक वेळा अडचण हक्कांच्या वाटणीत असते.