दोन किलोबाइटांत मावणारी खोली

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारा आर्डुइनो उनो हा बोर्ड म्हणजे असंख्य हौशी रोबोंचा मेंदू. त्याच्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये चालू कामासाठी जेमतेम २,०४८ बाइट मेमरी असते. एवढ्याशा जागेत घराचा नकाशा कसा बसणार, हा प्रश्न पडला की बहुतेक जण जास्त मेमरीचा बोर्ड शोधू लागतात. मला ही घाई वाटते. नकाशाला किती मेमरी लागेल हे खोलीच्या आकारावर जेवढे ठरते, त्याहून जास्त रोबोला स्वतःच्या जागेची खात्री किती आहे यावर ठरते. आणि हौशी रोबोची ती खात्री फार थोडी असते.

साधा हिशेब करून पाहू. १९८०च्या दशकाच्या मध्यावर हान्स मोराव्हेक आणि अल्बर्टो एल्फेस यांनी खोलीचे चौकोन पाडून ‘इथे काही आहे की मोकळे आहे’ याची शक्यता प्रत्येक चौकोनात नोंदवायची पद्धत रूढ केली. चार मीटर बाय तीन मीटरच्या खोलीत पाच सेंटिमीटरचे ४,८०० चौकोन पडतात. चौकोनामागे एक बाइट धरला तर उनोचा निकाल तिथेच लागला. पण ‘माहीत नाही’, ‘मोकळे’, ‘संशयास्पद’ आणि ‘अडलेले’ एवढेच सांगायचे तर दोन बिट पुरतात. एका बाइटात चार चौकोन बसतात आणि सगळी खोली १,२०० बाइटांत येते. चौकोन दहा सेंटिमीटरचे केले तर अवघ्या ३०० बाइटांत.

दहा सेंटिमीटर म्हणजे फार ढोबळ, असा आक्षेप येईल. पण स्वस्तातला एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर पाहा. त्याचा झोत साधारण १५ अंश पसरतो, म्हणजे दोन मीटरवर तो अर्धा मीटर रुंद झालेला असतो. त्या अर्ध्या मीटरात खुर्चीचा पाय नेमका कुठे आहे हे त्याला सांगता येत नाही, आणि तिरप्या भिंतीवरून आवाज भलतीकडेच निसटतो. चाकांची गत याहून वाईट. दिशेत एका अंशाची चूक झाली की तीन मीटर गेल्यावर रोबो पाच सेंटिमीटर बाजूला सरकलेला असतो. गुळगुळीत फरशीवर चाक घसरले किंवा सतरंजीची कड आडवी आली तर विचारूच नका. अशा रोबोला एक सेंटिमीटरचे चौकोन देणे म्हणजे चुकांची बारकाईने नोंद ठेवणे.

याउलट मायक्रोमाउस या रोबोंच्या स्पर्धेतला ‘उंदीर’ बघा. त्याच्या पारंपरिक चक्रव्यूहात १६ बाय १६ म्हणजे २५६ घरे असतात. चार भिंतींचे चार बिट धरले तर १२८ बाइट, आणि मध्यापर्यंतचे अंतर घरटी एक बाइट, म्हणजे २५६. एकूण ३८४ बाइटांत तो सर्वांत जवळची वाट काढतो, कारण घरांचे माप ठरलेले असते आणि जवळची भिंत त्याची चूक लगेच दुरुस्त करते.

नकाशाच नको, असे म्हणणारेही आहेत. एमआयटीच्या रॉडनी ब्रुक्स यांनी १९९०च्या सुमारास जगाची प्रतिकृती डोक्यात बाळगण्यापेक्षा जगाकडेच पाहावे, असा युक्तिवाद केला होता. त्यांचा सहभाग असलेल्या आयरोबोट कंपनीचा २००२चा पहिला रूम्बा खरोखरच नकाशाविना घर झाडत असे. मात्र त्याच कंपनीने २०१५च्या रूम्बा ९८०मध्ये कॅमेऱ्यावरून नकाशा काढायची सोय आणली. नुसते झाडायचे असेल तर आंधळेपणाने फिरणे चालते. ‘स्वयंपाकघरात जा’ म्हटल्यावर नाही.

मग सरळ रास्पबेरी पायसारखा जास्त मेमरीचा बोर्ड का घेऊ नये? लेझरने अंतर मोजणारा लायडर असेल तर जरूर घ्यावा. तिथे रोबो ‘मी इथे असेन, किंवा तिथे’ अशा अनेक शक्यता एकदम सांभाळतो, आणि काही पद्धतींत प्रत्येक शक्यतेला आपला वेगळा नकाशा लागतो. दहा बाय दहा मीटरच्या घराचा, पाच सेंटिमीटरच्या चौकोनांचा एक नकाशा, चौकोनामागे एक बाइट धरून, ४० हजार बाइटांचा. अशा तीस शक्यता म्हणजे १२ लाख बाइट. मेमरी खरी खाते ती ही शंका. लायडर नसेल तर ती मेमरी रिकामीच पडून राहील. एसडी कार्डही उनोला फारसे हात देत नाही: ते वापरायचे तर ५१२ बाइटांचा एक गठ्ठा मेमरीत धरावा लागतो, म्हणजे चौथा हिस्सा तिथेच गेला.

त्यापेक्षा उनोची स्वतःची १ केबी ईईप्रॉम कामाची. वीज गेली तरी तिच्यात ठेवलेला ३०० बाइटांचा नकाशा टिकतो. तिच्यावर साधारण एक लाख वेळाच लिहिता येते, म्हणून नकाशा फेरी संपल्यावर एकदाच उतरवावा. पुन्हा चालू झालेल्या रोबोला खोली आठवेल, पण आपण कुठे उभे आहोत हे नाही. त्यामुळे प्रत्येक फेरी एकाच कोपऱ्यातून, तोंड एकाच दिशेला ठेवून सुरू करावी लागते.