‘अंगावरून वारे गेले’ म्हणजे नेमके काय झाले?

एखाद्याचा एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडला की धर्मापुरी परिसरात ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. वास्तविक वाऱ्याचा यात काही संबंध नाही. बिघाड मेंदूत झालेला असतो. फिजिओथेरपी शिकू इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींना हा विषय अभ्यासावाच लागतो, आणि घरच्यांनाही तो ठाऊक असणे गरजेचे आहे. आम्ही कला शाखेचे, त्यातून बँकेतले कारकून; म्हणून उदाहरण बँकेचेच देतो.

मेंदू हे मुख्य कार्यालय. त्याचे वजन जेमतेम सव्वा ते दीड किलो. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटाच वापरतो. म्हणून रक्तपुरवठा काही मिनिटे जरी तुटला, तरी तेथील पेशी मरू लागतात. मेंदूचा हुकूम मज्जारज्जूतून खाली येतो आणि मज्जातंतूंच्या ३१ जोड्यांमार्फत शाखांना, म्हणजे स्नायूंना, पोहोचतो. हुकूम नेणारे बहुतेक तंतू मज्जारज्जू सुरू होण्याआधीच बाजू बदलतात. त्यामुळे डाव्या मेंदूत बिघाड झाला की उजवे अंग जाते. बहुतेकांचे वाचाकेंद्रही डावीकडेच असल्याने अशा रुग्णाची वाचाही जाऊ शकते.

विद्यार्थ्यांनी एक भेद पक्का करावा. मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंतची शेवटची तार तुटली, तर स्नायू ढिला पडून वाळतो. पोलिओत हेच घडते. मात्र मुख्य कार्यालयाचा ताबा सुटला आणि शाखा शाबूत राहिली, तर शाखा मनमानी करते. अर्धांगवायूत सुरुवातीला ढिला असलेला हात काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ताठर होऊन आखडतो, तो यामुळेच. दोन्हींत अंग लुळेच दिसते, परंतु व्यायाम वेगळे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या प्रारंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशातील पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली. त्या काळात पोलिओने अधू झालेल्या मुलांचा प्रश्न मोठा होता. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. अर्धांगवायू मात्र घरोघरी आहे.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे खरे. पण तीच हालचाल पुन:पुन्हा करवून घेतली, तर मेंदूचे शाबूत भाग ते काम काही अंशी शिकून घेतात. फिजिओथेरपीचा आधार हाच. म्हणून ‘आता काय उपयोग’ म्हणून रुग्णाला खाटेवर टाकून ठेवू नये. लुळा हात धरून ओढून उठवू नये, खांदा निखळतो. नुसत्या तेलाच्या मालिशीने मेंदूतील गुठळी विरघळत नाही.

तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोबडी वळली, यांपैकी एक जरी अचानक घडले तरी वेळ पाहून ठेवावी व १०८ वर फोन करावा. उतारा, अंगारा यांत तास घालवू नयेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्याआधी सी. टी. स्कॅन करून आत रक्तस्राव नाही ना, हे पाहावे लागते. तेव्हा ती सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच रुग्णाला न्यावे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. तेथे पहिल्या तासात पोहोचलेला रुग्ण आणि दुसऱ्या दिवशी पोहोचलेला रुग्ण, यांच्या पुढच्या आयुष्यात फार मोठे अंतर पडू शकते.