बेळगावची डोंगरसहल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आषाढात मंगाई देवीची यात्रा पार पडली की बेळगावच्या वडगावात सहलींचे बेत सुरू होतात. ठिकाणांना तोटा नाही. येळ्ळूर रस्त्याला लागलं की राजहंसगड समोर येतो. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट आहे. चंदगडचे किल्ले ओलांडले की आंबोली येते. खानापूरच्या पलीकडे काळी नदी आहे, ईशान्येला गोकाक. तरीही दरवर्षी सहली फसतात, गाड्या नाक्यावरून परत फिरतात आणि अधूनमधून जीवही जातात. अशा वेळी बहुधा ठिकाण चुकलेलं नसतं, महिना चुकलेला असतो.

गैरसमज १: आंबोली उंचावर आहे, म्हणून तिथे एवढा पाऊस.

वस्तुस्थिती: आंबोलीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर आहे आणि बेळगाव शहराची साधारण ७५० मीटर. म्हणजे वडगावचा माणूस आंबोलीला जातो तेव्हा चढत नाही, थोडा उतरतोच. आंबोलीचा घाट आहे तो पलीकडे, सावंतवाडीच्या बाजूला. समुद्रावरून आलेले ओलसर वारे या कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि बरंचसं पाणी तिथेच सोडतात. आंबोलीत वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सत्तरेक किलोमीटर आत बेळगावला पोचेपर्यंत त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो, आणि गोकाककडे त्याहूनही कमी. घरून निघताना छत्री घेतली की भागलं, असं म्हणून चालत नाही ते यामुळेच.

गैरसमज २: बेळगावात ऊन पडलंय, आज धबधब्याला भीती नाही.

वस्तुस्थिती: धबधब्याचं पाणी तिथल्या आभाळावर ठरत नाही, वर कुठे पाऊस झाला त्यावर ठरतं. गोकाकला घटप्रभा ५२ मीटरवरून कोसळते. त्या पाण्यात आंबोलीत उगम पावणाऱ्या हिरण्यकेशीचा वाटा आहे आणि मध्ये हिडकल धरणही आहे. गोकाकला कोरडं ऊन असताना नदी फुगू शकते ती अशी. घाटातल्या ओढ्यांची तर आणखी घाई असते. वर एक जोराची सर झाली की काही मिनिटांत पाणी चढतं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या प्रवाहात उभ्या असलेल्या एका कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर फोटो राहू द्या आणि काठ गाठा.

गैरसमज ३: पोहता येणाऱ्याला आणि पावसाळा टाळणाऱ्याला धोका नाही.

वस्तुस्थिती: धबधब्याच्या पायथ्याचं पाणी हवेच्या बुडबुड्यांनी भरलेलं असतं. त्यात शरीर नेहमीसारखं तरंगत नाही. वरून पडणारा प्रवाह माणसाला खाली दाबतो आणि भोवरा पुन्हा त्याच जागी ओढून आणतो. विहिरीत सूर मारणाऱ्याचं कसब इथे फारसं कामाचं नाही. पाण्याबाहेरच्या कातळावर शेवाळ असतं आणि ते पाऊस थांबल्यावरही टिकतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चंदगड तालुक्यातल्या किटवाड धबधब्यावर सहलीला गेलेल्या बेळगावच्या चार मुलींचा पाण्यात पडून मृत्यू झाला. तेव्हा पावसाळा संपलेला होता.

गैरसमज ४: नदी दुथडी भरली की राफ्टिंगची खरी मजा.

वस्तुस्थिती: दांडेलीचं राफ्टिंग म्हणून ओळखलं जातं ते काळी नदीवर, जोयडा तालुक्यातल्या गणेशगुडीपासून खाली चालतं. तिथे वरच सुपा धरण आहे. वीजनिर्मितीसाठी धरणातून पाणी सोडलं की नदीला राफ्ट चालण्याजोगा वेग येतो. म्हणून इथला हंगाम पावसाळा ओसरल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. ऐन पावसाळ्यात ते बंद असतं. पाणी किती वाजता सुटणार हे वीजकेंद्राच्या हातात असल्यामुळे आदल्या दिवशी चौकशी करणं बरं. आयोजक निवडताना दर शेवटी विचारा. आधी पाहा की प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट आणि हेल्मेट मिळतं का, आणि राफ्टमध्ये ठरल्यापेक्षा जास्त माणसं कोंबत तर नाहीत ना.

गैरसमज ५: दूधसागरला कॅसलरॉककडून रुळावरून चालत जाता येतं.

वस्तुस्थिती: पूर्वी लोक जात असत हे खरं, पण परवानगी तेव्हाही नव्हती. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. घाटातल्या बोगद्यात समोरून गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते, ही गोष्ट दंडाहून मोठी. जुलै २०२३ मध्ये रेल्वे पोलिसांनी रुळावरून निघालेल्या तरुणांना अडवून उठाबशा काढायला लावल्या होत्या. त्याच महिन्यात गोव्यानेही धबधब्यांवर जायला बंदी घातली. सुमारे ३१० मीटरचा हा धबधबा पावसाळ्यात पाहायचा तर गाडीच्या खिडकीतून पाहावा. पायथ्याशी जायचं असेल तर पाऊस ओसरल्यावर कुळेहून जीप सुटतात, त्यांची वाट धरावी.

गैरसमज ६: रान आपल्याच तालुक्यातलं, परवानगी कशाला?

वस्तुस्थिती: खानापूर तालुक्यातलं भीमगड रान २०११ मध्ये अभयारण्य झालं. सुमारे १९० चौरस किलोमीटरच्या या जंगलात म्हादईचा उगम आहे. इथल्या बारापेडे गुहांतलं एक दुर्मीळ वटवाघूळ, रॉटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ, बरीच वर्षं जगात फक्त इथेच सापडतं असं मानलं जात होतं. माणसांच्या गोंगाटाने आणि उजेडाने अशी वस्ती उठते. वनखात्याच्या परवानगीशिवाय इथे शिरता येत नाही. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलातले धबधबेही अनेकदा बंद ठेवले जातात. शिवाय आपल्या भागात एका दिवसाच्या सहलीत कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा अशी तीन राज्यं लागतात. एका राज्यात चाललं ते पुढच्या नाक्यावर चालेलच असं नाही.

गैरसमज ७: रानात जळवांना जपायचं, गोचिडीचं काय एवढं?

वस्तुस्थिती: नेमकं उलट आहे. जळू चिकटली की रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असतो. पण सहसा त्यापलीकडे काही होत नाही. मीठ टाकू नका, काडीने चटकाही देऊ नका. नखाने हळूच सरकवून सोडवा आणि जखम धुवा. गोचीड मात्र दिसतही नाही इतकी बारीक असू शकते आणि ती माकडताप पसरवू शकते. हा विषाणूजन्य आजार १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. अलीकडे दोडामार्ग परिसरातही त्याचे रुग्ण आढळले आहेत. त्याचा काळ साधारण नोव्हेंबर ते मे, म्हणजे ‘आता रान कोरडं आहे’ म्हणून आपण निर्धास्त असतो तोच. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पालापाचोळ्यावर बसू नका. मेलेलं माकड दिसलं तर लांब राहा आणि वनखात्याला कळवा. परतल्यावर पंधरवड्यात ताप आला, तर रानात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गैरसमज ८: सडा म्हणजे ओसाड कातळ, गाडी घातली तर काय बिघडलं?

वस्तुस्थिती: आंबोलीच्या जांभ्या सड्यावर एक छोटा भेक राहतो. शास्त्रात त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली ती २००९ मध्ये. पहिल्या पावसात कातळावर साचलेल्या बोटभर पाण्यात तो अंडी घालतो. चाक गेलं की ती पिढी संपली. ऑगस्टपासून हेच सडे सीतेची आसवं आणि गेंदाच्या फुलांनी भरतात. आंबोलीतच हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात सापडलेल्या माशाची २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. तिथे साबण लावून अंघोळ करणं म्हणजे त्या माशाच्या घरात विष टाकणं.

गैरसमज ९: पाऊस गेला की इथे करण्यासारखं काही उरत नाही.

वस्तुस्थिती: उलट, पायांना काम देणारी सहल तेव्हाच सुरू होते. जून-जुलैत घाट रस्त्यावरून, संरक्षक कठड्याच्या आतून पाहावा. ऑगस्ट ते ऑक्टोबर सड्यांची फुलं आणि गोकाक. नोव्हेंबरपासून काळीवर राफ्टिंग आणि चंदगडचे किल्ले: देवरवाडीच्या वैजनाथाचं दर्शन घेऊन महिपाळगड, पुढे कलानिधीगड आणि पारगड. प्रस्तरारोहण शिकायचं असेल तर थंडीत बदामी गाठा. तिथल्या तांबड्या वालुकाश्मावर चढायला देशोदेशीचे आरोहक येतात. बरोबर म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर राजहंसगडासारखी सोय नाही, कारण वाहन जवळजवळ वरपर्यंत जातं.

निघण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: वरच्या अंगाला पाऊस किती झाला, आज प्रवेश सुरू आहे का आणि अंधाराआधी परत येता येईल का. चोर्ल्याच्या बाजूला मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून कुठे चाललोय ते घरी सांगून निघा. तिथल्या गावकऱ्याने ‘पुढं जाऊ नका’ म्हटलं तर वाद घालू नका, मागे फिरा.