मोटारींतील तंबोरा

ज्या अल्लादियाखांस शाहू महाराजांनीं कोल्हापुरास आणिलें, त्यांच्याच परंपरेंतील किशोरी आमोणकरांचें गाणें मोटारींत लावून उचगांवाहून पुण्याच्या महामार्गास लागावें, तों तंबोऱ्याचा खर्ज नाहींसा! चाकांची घरघर प्रथम खर्जालाच गिळते. मंडळी मग खर्जाचें बटण पिळतात आणि तंबोऱ्याऐवजीं नगारा पदरीं पडतो. आमच्या मतें बटणाआधीं दार पाहावें. स्पीकरच्या पाठीमागून निघणारी लहर दाराच्या आंतील पत्र्याच्या भोंकांतून बाहेर येऊन पुढील लहरीस मारते. तीं भोंकें बुजवून पत्र्यास जाड थर चिकटविला, कीं गेलेला खर्ज पुष्कळसा परततो.

दुसरी गोष्ट अंतराची. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर त्याच्या कानास जवळ. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर धांवतो, म्हणजे अर्ध्या मीटरच्या फरकास दीड मिलिसेकंद. उजव्या स्पीकरास तेवढा विलंब दिला, तर गायिका चालकाच्या अगदीं समोर बसल्यासारखी वाटते. पण शेजारीं बसलेल्या आजोबांच्या कानीं तीच उजवीकडचा आवाज आणखी उशिरां घालते! चिरंजीव एकटे कामावर जात असतील तर ही सोय खुशाल वापरावी. वडील माणसें बरोबर असतां ती बंद ठेवावी.